पिवळ्या गळ्याचा दुर्मीळ पक्षी

चि. भोपळ्यास,

थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक; माझे गुडघे सोडून, पण ते कधी आपल्यात मिसळतच नाहीत. तुझा खोकला आणि तुझी बायको, दोघांची खुशाली कळव. पत्र नात लिहिते आहे. अडुसष्ट वर्षांच्या मामाआजोबांना भोपळ्या कसं लिहायचं म्हणून अडून बसली होती. म्हटलं, नाव मी ठेवलंय, तू नुसतं लिही.

तर उन्हाळा लागला की लोकांना घामोळं येतं, आमच्याकडे दुर्मीळ पक्षी येतात. त्यांचं पक्षी बघायचं मंडळच आहे: रिटायर्ड हेडमास्तर, दातांचे डॉक्टर, बेकरीवाला, आणि नोंदवही लिहायला आमची नात. दर रविवारी सकाळी सगळे आमच्या गच्चीवर, कारण तिथून तळं दिसतं आणि चहा मिळतो. जे दिसेल ते वहीत, आणि मग ती यादी छापून येते.

गेल्या महिन्यात मला एक दिसला. खराखुरा. टाकीच्या गळक्या नळावर बसून थेंब थेंब पीत होता. गॅसच्या ज्योतीसारखा निळा, आणि शेपूट अंगाच्या दुप्पट. हेडमास्तरांना सांगितलं तर म्हणाले, "आजी, कावळा असेल." (सत्तर वर्षं कावळे हाकलतेय मी, मला कावळा कळत नाही?) वर म्हणाले, एकट्याचं बघणं धरत नाहीत, दोन साक्षीदार लागतात, आणि त्यातला एक तरी लिहिता-वाचता असलेला बरा. तिथे माझं डोकं फिरलं.

पुढच्या रविवारी चहा ओतता ओतता मी म्हटलं, तळ्याकाठी काहीतरी निराळंच दिसलं बाई. कसं होतं, म्हणाले. आता ऐनवेळी पक्षी आणायचा कुठून? डोळ्यांसमोर तू आलास. डोक्यावर एक पीस नाही, म्हटलं, गळ्याला पिवळा पट्टा (तुझा बारमाही मफलर), पोट पुढे. दोन पावलं चालतो आणि कोणी बघतंय का म्हणून मागे वळतो. ओरडण्याआधी तीनदा घसा खाकरतो आणि मग ओरडतच नाही. मादी पुढे, हा मागे. वाटलं, आता हसतील. कुठलं काय! मंगळवारी डॉक्टरांना दिसला. बेकरीवाल्याला जोडी दिसली. हेडमास्तरांना तर पिलांसकट! नातीने बिचारीने सगळं वहीत उतरवलं. (आत्ता पेन थांबवून माझ्याकडे बघते आहे. लिही गं, रडायचं नंतर.)

इथवर गंमत होती. पण यादी छापून गेली, खाली सही नातीची, आणि येत्या रविवारी कोणी मोठे तज्ज्ञ कॅमेरा घेऊन येताहेत. पोर तीन वर्षं पहाटे उठून ती वही लिहिते आहे. पक्षी निघाला नाही तर खापर तिच्यावर आणि वही दुसऱ्याकडे. मी कबूल करायला तयार आहे. पण पिलांसकट पाहिलेला पक्षी हेडमास्तर परत देतील होय?

बाकी क्षेम. थंड पाणी पिऊ नकोस.

तुझी,
ताई (अंगठा उमटवला आहे, डाग समजू नकोस)

ता. क. शनिवारी मफलर घालून ये, बायकोलाही आण. रविवारी सकाळी तळ्यापलीकडे फेरी मारायची, वळायचं, खाकरायचं. बोलायचं नाही, घरी सवय आहेच. हेडमास्तर तज्ज्ञांसमोर एकदा "तोच तो!" म्हणाले की वहीवर बोट ठेवायची कोणाची हिंमत नाही.

ता. क. दुसरा. एवढं लिहून होतंय तोच निळा नळावर आला. नात पेन टाकून धावली, परत आली ती धापा टाकत: "आजी, खरंच गं!" झाले दोन साक्षीदार, एक लिहिता-वाचता. वहीत पहिलं नाव माझं लिहिलंय म्हणते. दोनदा वाचून दाखवलं. पण मघापासून ती माझ्यावर रागावलेली आहे, तेव्हा तिथे कावळा लिहिला असेल तरी मला काय कळणार? म्हणून म्हणते, चष्माही आण. माझं नाव तू वाच.