नापास करायला शोधलेली जागा

१२ जुलै, शनिवार

नापासच करायचंय मला त्याला. इथे लिहायला काय हरकत आहे — ही वही वाचतंय कोण!

काल जेवताना मधुवंतीनं सरळ सांगून टाकलं. "बाबा, जुन हाओ आणि मी लग्न करायचं म्हणतोय." जुन हाओ! तीन वर्षं हे नाव 'मित्र' म्हणून ऐकतोय. शाळेत गणित शिकवतो, इथेच तोआ पायोह वस्तीत आईवडिलांबरोबर राहतो. एकदा लिफ्टपाशी ओझरता पाहिला होता. मित्र म्हणे!

सुलेखाकडे पाहिलं, ती ताटात बघत होती. नंतर ओट्यापाशी गाठून विचारलं तर म्हणाली, "तू ठरव काय ते." बस्स! एकतीस वर्षांच्या संसारात बायकोच्या 'तू ठरव'चा अर्थ मला कळत नाही होय? तिला हे मुळीच पसंत नाही. भाषा वेगळी, खाणंपिणं वेगळं, उद्या नातवंडं आजीला काय म्हणणार — हेच चाललं असणार तिच्या मनात. पण लेकीला तोंडावर नाही म्हणायचा वाईटपणा तिला नको. ठीक आहे. मी घेतो.

मधूला म्हटलं, "एक रात्र तो आणि मी. जंगलात, तंबू ठोकून. मग सांगतो." आमच्या कॉलेजच्या ट्रेकिंग ग्रुपची जुनी रीत होती ही. नवा गडी आला की पहिल्यांदा त्याला उघड्यावर झोपवायचं. ना दिवा, ना नळ. सकाळपर्यंत माणूस आरपार कळतो. मधू हसली, "बाबा, हे अगदी तूच करू शकतोस!" आणि गळ्यातच पडली.

तेव्हा जरा कसंतरी झालं. पण ठरलं ते ठरलं. एसीत वाढलेलं पोर, रात्री कुरकुर करणारच. सकाळी मी म्हणेन, बघ मधू, नाही जमायचं.

१३ जुलै, रविवार

जागा हवी. अट एकच — वाईट हवी! नळ नको, संडास नको, दिवा नको. परमिट नको, बुकिंग नको. फुकट आणि रानटी.

१९ जुलै, शनिवार

ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर जाऊन आलो. तंबूंची रांग, त्यासाठी आधी परमिट. शेजारी शॉवर, शेगड्या, पलीकडे दुकान. एक काकू तंबूत बसून टॅबवर सिरियल बघत होत्या. इथे कोण नापास होणार? मीसुद्धा एक आइस्क्रीम खाऊन घरी आलो.

२० जुलै, रविवार

आज वुडलँड्सकडे. तिथला रानाचा एक तुकडा मला बसमधून नेहमी दिसतो. गच्च, अंधारा, मस्त! आत जेमतेम तीस पावलं गेलो, समोर बोर्ड. बंदूक रोखलेल्या सैनिकाचं चित्र आणि चार भाषांत 'आत येऊ नका'. चारी वाचायची गरज पडली नाही. आल्या पावली फिरलो.

तिथून मॅकरिचीला. ते मात्र खरं जंगल. माकडं, मुळं, ओलसर वास — बरं वाटलं. एका सपाटीवर तंबू कसा बसेल ते पावलांनी मोजत होतो, तर पार्कचा एक माणूस आला. "अंकल, स्लीपिंग हिअर कॅनॉट."

"मी नुसता बघतोय."

"लुकिंग कॅन."

हसावं की रडावं! सह्याद्रीत कुठेही पथारी टाकायचो, कोणी विचारत नसे. इथे रान आहे पण झोपायची सोय नाही, आणि सोय आहे तिथे रान नाही. बावीस वर्षं राहतोय या देशात, वाईट जागा सापडणं एवढं मुश्कील असेल असं वाटलं नव्हतं.

घरी आल्यावर सुलेखा म्हणाली, "सापडली का मग?" हसल्यासारखी वाटली. आतून काळजी करत असणार बिचारी.

२६ जुलै, शनिवार

कमालच झाली! मधू म्हणाली, "बाबा, जुन हाओ म्हणतो पुलाउ उबिन बेटावर जाऊ या. मामामचा किनारा. फुकट आहे, परमिट लागत नाही. लाइट नाही, प्यायचं पाणी नाही, रानडुकरं फिरतात. सगळ्यांत वाईट तीच जागा आहे म्हणे."

स्वतःचा खड्डा स्वतःच दाखवतोय. भोळा आहे की आगाऊ?

पुढे म्हणाली, "आणि त्याला कॅम्पिंग अजिबात आवडत नाही हं. आर्मीतल्या सक्तीच्या दोन वर्षांत चिखलात झोपून झालंय. तुझ्यासाठी येतोय फक्त." वा! आवडत नाही म्हणजे माझं काम आणखी सोपं.

मधू खुशीत होती. गुणगुणत गेली खोलीत. मी बराच वेळ टीव्ही बंद करून बसून राहिलो.

२ ऑगस्ट, शनिवार

तारीख ठरवली — नऊ. नॅशनल डे. सगळं गाव फटाके बघायला जाणार, बेट रिकामं. आणि दिनदर्शिका पाहिली तर नेमकी नारळी पौर्णिमा! आम्ही ट्रेकला पौर्णिमा बघूनच निघायचो. लख्ख चांदणं, टॉर्चसुद्धा काढावा लागत नसे. निदान मला तरी मजा येईल.

७ ऑगस्ट, गुरुवार

सुलेखाला उशीर. दर गुरुवारी ऑफिसातून परस्पर लिटिल इंडियात जाते, आठवड्याची भाजी आणते. आज ओले नारळही आणलेत. नारळीभात करून देणार. मोठा डबा काढून ठेवलाय. म्हटलं, दोघंच तर आहोत! "असू दे," म्हणाली. तिला पसंत नसलेल्या पोराला मोठा डबा! मन मोठं आहे बाईचं.

९ ऑगस्ट, शनिवार. मामाम, रात्रीचे नऊ

दुपारपासूनच्या सगळ्याची नीट नोंद करतो. पुरावा लागेल.

चांगीच्या धक्क्यावर तो माझ्या आधी हजर. उंच, चष्मा, पाठीवर माझ्याहून लहान पिशवी. "गुड आफ्टरनून, अंकल." माझी सॅक मागितली, मी दिली नाही. बारा माणसं जमल्याशिवाय बोट सुटत नाही. आज सगळे फटाक्यांना गेलेले, त्यामुळे तासभर ताटकळलो. तेवढ्या वेळात तो चार वाक्यं बोलला असेल. घुम्या. नोंद केली.

पाचच्या सुमाराला मामाम. काय जागा आहे! चिटपाखरू नाही. समोर पाणी, पलीकडे जोहोरचा किनारा. मला पाण्याच्या अलीकडे एकदम सपाट, मऊ वाळूचा पट्टा दिसला. गादीच! तिथेच तंबू ठोकायला घेतला. तो म्हणाला, "अंकल, मेबी अप देअर? झाडांजवळ?" म्हटलं, "झाडाखाली मुंग्या. मी चाळीस वर्षं तंबू ठोकतोय."

"ओके, अंकल." आणि निमूटपणे खुंट्या ठोकायला लागला. स्वतःचं मत नाही. नोंद केली.

एका ओंडक्यावर बसून स्टोव्हवर पिठलं केलं. त्यानं तीनदा घेतलं. नारळीभात तर चाटूनपुसून खाल्ला. मग न सांगता भांडी घासली. एवढं चांगलं लिहायलाच हवं, नाहीतर खोटं होईल.

तेवढ्यात रानडुकरीण आली, मागे दोन पिल्लं! सरळ डब्याच्या वासावर. मी ओंडक्यावर कधी चढलो मला कळलं नाही. तो डबा उचलून नुसता उभा राहिला, अगदी स्वस्थ. "पळू नका, अंकल. जाईल ती." गेली. मी ओंडक्यावरून उतरलो. तो दुसरीकडे बघत होता. हसला नाही, हेही खरं.

पण आठ वाजता सापडला! माझ्याजवळ येऊन म्हणतो, "अंकल, सॉरी. मला भीती वाटते. समुद्राचा आवाज एवढा जवळ. झोप नाही येणार. झाडांकडे शिफ्ट करू या, प्लीज?"

आर्मीत दोन वर्षं काढलेला गडी आणि लाटांना घाबरतो! लाटा तरी कसल्या, चुळुकचुळुक पाणी ते. मी मोठ्या मनानं बरं म्हटलं. सगळं त्यानंच उचललं, वर नेलं, माझा तंबू आधी उभा केला.

झालं काम. भित्रा आहे. मधूला हेच सांगेन. सुलेखाही सुटेल बिचारी. बाहेर चांदणं मस्त पडलंय. आता झोपतो.

१० ऑगस्ट, रविवार. सकाळ, मामाम

काय लिहू!

सातला उठलो. तो स्टोव्हवर चहा करत होता. मी सहज खाली पाण्याकडे चालत गेलो. कालची माझी मऊ गादी — ओली, गुळगुळीत, एक पाऊल उमटलेलं नाही. खुंट्यांची भोकंसुद्धा बुजलेली. तिच्याही वर पंधरा पावलं शेवाळ, काटक्या, प्लॅस्टिकची एक चप्पल, असा सगळा कचरा एका रेषेत लागलेला. जिथे बसून जेवलो तो ओंडका जागेवर नाही! वाहून कुठल्या कुठे अडकलाय.

म्हणजे रात्री तिथे पाणी होतं. निदान गुडघाभर. आणि मी घोरत होतो.

पौर्णिमेची भरती! नारळी पौर्णिमेला अख्खी कोळीवस्ती समुद्राला नारळ देते, आणि आम्हा पुण्याच्या लोकांच्या डोक्यात काय, तर नारळीभात! पौर्णिमा म्हणजे चांदणं, संपलं. डोंगराला कुठली आलीय भरती! चाळीस वर्षं तंबू ठोकतोय म्हणे. गाढव आहे मी, गाढव!

वर आलो. विचारलं, "तू घाबरला नव्हतास ना रे?"

चष्मा पुसत राहिला. मग म्हणाला, "थोडा घाबरलो होतो, अंकल. तुमच्यासाठी. हाय टाइड साडेअकराला होती."

"मग सांगायचं नाही का सरळ?"

"एकदा सांगितलं. पण तुम्ही तंबू ठोकायला घेतला होता, अंकल. मोठ्या माणसाला दुसऱ्यांदा कसं सांगणार?" आणि जरा हसून, "मधू म्हणाली होती, बाबांना चूक दाखवायची नाही. त्यांची त्यांना सापडू द्यायची."

डोळे लाल होते त्याचे. रात्रभर जागून पाणी कुठवर येतंय ते बघत बसला होता हा मुलगा. वर भित्रा ठरायलाही तयार!

मी हसायला लागलो. हसता हसता डोळ्यांतून पाणीच यायला लागलं. तो घाबरून म्हणाला, "अंकल, ओके ऑर नॉट?" ओके रे बाबा, ओके!

लाज वाटली, खूप वाटली. पण त्याहून जास्त — सुटलो! महिनाभर छातीवर धोंडा होता. मधूला कसं सांगायचं, तिचा चेहरा कसा होईल, याच विचारानं रोज पहाटे जाग यायची. आता सांगायचंच नाही. मोकळा झालो मी! चहाही बरा केला होता त्यानं. परतताना सॅक त्याला दिली.

१० ऑगस्ट, संध्याकाळ, घरी

मधूला म्हटलं, "पास." ती लहानपणी रडायची तशी रडली. मीही. दोघांनी मिळून नाकं पुसली.

सुलेखा आत होती. नुसतं विचारलं, "जेवला का नीट?" म्हटलं, तीनदा घेतलं. "बरं," म्हणाली आणि डबा घासायला घेतला. आता हिला कसं समजवायचं? माझं मन वळलं, पण हिचं? घरात अबोला नको.

१३ ऑगस्ट, बुधवार

सुलेखापुढे काय बोलायचं ते एमआरटीच्या गाडीत उभ्या उभ्या घोकलं. 'माणूस महत्त्वाचा, भाषा काय, शिकता येते.' बिशान स्टेशनला उतरायचं राहून गेलं.

१६ ऑगस्ट, शनिवार

बोललो एकदाचं. म्हटलं, "उद्या त्याला सकाळी पोह्यांना बोलावलंय. मी करतो पोहे. तू रागावू नकोस." तिनं माझ्याकडे बघितलं. "रागावू कशाला?" धीर देतेय मला. केवढं सोसते!

१७ ऑगस्ट, रविवार

पोहे झाले होते. कोथिंबीर चिरून मी वरून भुरभुरवणार, तेवढ्यात सुलेखा मागून म्हणाली, "थांब! त्याच्या पोह्यांवर नको. साबणासारखी लागते त्याला."

"तुला काय माहीत?"

"दोन वर्षं झाली की. गुरुवारी तो असतो माझ्याबरोबर लिटिल इंडियात. पिशव्या उचलतो. दोडका कोवळा कुठला तेही कळायला लागलंय त्याला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझा चेहरा बघितला होतास त्या दिवशी? म्हटलं, घे तुझा वेळ."

"पण तुला तर पसंत नव्हतं!"

"मी कधी म्हटलं?"

बेल वाजली. ती पदराला हात पुसत दार उघडायला गेली. मी कोथिंबीर घेऊन उभा.

१८ ऑगस्ट, सोमवार

बारा जुलैपासून सगळं परत वाचलं. सुलेखाचं 'नाही' शोधत होतो. एकाही पानावर नाही. मलाच नको होता तो.