आउटपुट दोन

प्रिय भिंगरी,

भिंतीवरच्या एका काचेच्या तुकड्याने तुझ्या थोरल्या भावाचा जाहीर अपमान चालवला आहे, हे कळवताना मला अत्यंत खेद होतो. आपल्याकडे नवा इंटरकॉम बसवला. खाली कोणी घंटा वाजवली की त्याचं तोंड पडद्यावर दिसतं, आणि पडद्याखालच्या खुणेवर बोट ठेवलं की दोन मजले न उतरता रस्त्याकडचं दार उघडतं. खुणा तीन. एक दाराची, एक गाडीच्या फाटकाची, एक जिन्यातल्या दिव्यांची. कुठल्या खुणेने काय चालू व्हावं आणि किती वेळ चालू राहावं, हे आपणच आत शिरून ठरवायचं. या प्रत्येक जोडणीला आउटपुट म्हणतात. सोबत पुस्तिका आहे, पण ती शुद्ध सूत्रशैलीत लिहिलेली. ‘आउटपुट दोनला योग्य क्रिया द्यावी.’ योग्य म्हणजे कोणती, ते सांगणारा भाष्यकार अजून जन्माला यायचा आहे.

तुला आठवत असेल, खालून कोणी हाक मारली की अण्णा बाल्कनीतून दोरीला बांधून किल्ली सोडायचे. परवापरवापर्यंत तेच चालू होतं. मग एकदा ती किल्ली खालच्या मजल्यावरच्या वकिलांच्या टकलावर पडली, आणि त्यांनी वर येऊन असं भाषण केलं की मी न मागता दिलगिरी दोनदा व्यक्त केली. म्हणून हा इंटरकॉम. दिवसा मी शाळेत, तुझी वहिनी बँकेत. दार उघडायला घरी अण्णा एकटेच.

पहिल्याच दिवशी वहिनी हातात पिशव्या घेऊन खाली उभी, अण्णांनी बोट ठेवलं, आणि दाराऐवजी फाटक उघडलं. फाटकाला टेकवलेली वकिलांची स्कूटर आडवी. “मास्तर, आधी डोकं, आता गाडी. पुढे काय फोडायचा विचार आहे, एकदा लेखी द्या!” मी वर येऊन अण्णांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, “तुझ्या माणसाने जोडणी उलटी केलीय.” हयातभर नकाशे आखलेला माणूस, त्यांनी उलटी म्हटल्यावर ती उलटीच. मी पहिल्या आणि दुसऱ्या आउटपुटची अदलाबदल केली. दुसऱ्या दिवशी कुरियरवाला आला, तर त्याच्यासाठी भर दुपारी जिन्यातले दिवे लागले. बंद दाराच्या काचेतून तो बिचारा उजळलेला जिना बघत उभा राहिला आणि पार्सल घेऊन परत गेला. मी पुन्हा सगळं पुसलं. दाराची खूण मधे घेतली, मग उजवीकडे नेली. आवाज वाढवला. फाटकाची खूणच काढून टाकली, तर वकिलांची गाडी आत अडकली आणि त्यांना कोर्टात उशीर झाला. त्या भाषणाचा वृत्तांत देत नाही, पत्र जड होईल. वहिनी दर वेळी म्हणायची, “अहो, मी दाबलं की बरोबर उघडतं.” आणि मी अनुभवी नवऱ्याप्रमाणे तिचं ऐकलं नाही. अण्णांवर मात्र खेकसलो. “एवढी साधी तीन चित्रं आहेत हो!” ते म्हणाले, “चित्रं कसली ती! आमच्या कचेरीत असली कोणी काढली असती तर साहेबाने कागद तोंडावर फेकला असता.” मी हसलो. ते हसले नाहीत.

शाळेत वह्या तपासताना माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्या मुलाला शब्दाचं रूप चुकीचं पाठ झालंय, तो दर वेळी तीच चूक करतो. जो रोज नवी चूक करतो, तो अंदाजाने लिहीत असतो. आउटपुट चुकलं असतं तर रोज तेच चुकलं असतं. आपल्याकडे कधी फाटक, कधी दिवे, आणि मधूनच दारही.

त्या दिवशी मी लवकर निघालो. खाली येऊन घंटा वाजवली आणि काही बोललो नाही. वरून अण्णांचा आवाज आला, “कोण?” मी चष्मा काढून कॅमेऱ्यासमोर अगदी नाक लावून उभा राहिलो. लहानपणी तू रडायला लागलीस की गाल फुगवून जे माकडाचं तोंड करायचो, तेही केलं. या वयात, भर रस्त्यात. अण्णा म्हणाले, “हं, दिसताय मला. बोला, काय काम आहे?”

मला बोला म्हणाले गं.

मग जिन्यातले दिवे लागले. मग फाटक उघडलं. मी आपल्या किल्लीने दार उघडून वर गेलो, तर ते मलाच सांगायला लागले, “कुणीतरी येऊन गेला. चेहरा ओळखीचा वाटला नाही.”

घरातलं सगळं त्यांना हाताला पाठ आहे, म्हणून आम्हाला कळलं नाही. ही काच तेवढी गुळगुळीत. बोटाला तिच्यावर काहीच सापडत नाही. आता बघतो तर चहा ओततानाही एक बोट कपाच्या काठाच्या आत असतं. पेपर उघडून बसतात आणि बातम्या सांगतात त्या सकाळी रेडिओवर ऐकलेल्या.

हे फोनवर सांगता येत नाही, कारण फोन त्यांच्या खुर्चीशेजारी आहे आणि कान शाबूत आहेत. पण सांगणं भाग आहे. सुट्टीत तुझ्या छोटीला एकटीला इकडे पाठवायचं आणि अण्णांनी नातीला रोज पोहायला न्यायचं, हे तुझं आणि त्यांचं ठरलंय. ते भलतेच खूश आहेत. तिच्यासाठी पोहायचा चष्मा आणून ठेवलाय, येईल त्याला दाखवतात. तलाव मोठ्या रस्त्याच्या पलीकडे आहे. परवा मी बोलता बोलता सुचवून पाहिलं, तिला मीच नेईन. त्यांचा चेहरा असा पडला की मी विषय बदलला. तेव्हा तिला एकटीला पाठवू नकोस, तू बरोबर ये, आणि त्यांना डॉक्टरकडे ने. तुझं ते ऐकतील. मी त्यांना अजून काहीही विचारलेलं नाही, माझ्याने विचारवत नाही. भिंगरे, मला भीती वाटते की तिचा हात धरून, दिसतंय मला असं म्हणत, ते गाड्यांमध्ये पाऊल टाकतील.

तुझाच,
दादा