नायिकेचं काम इक्बालकडे

१२ फेब्रु. ९८, अबुधाबी
दिलीपच्या ऑफिसातल्या जपानी साहेबांनी पास दिले, म्हणून काबुकी बघितलं. त्यांचं जुनं लोकनाट्य. बायकांची कामंही पुरुषच करतात. साठीतला माणूस नवी नवरी झाला होता. नुसती मान वळवली आणि हॉल गप्प. साहेबांची बायको सांगत होती, पूर्वी तिकडच्या बायका केस कसे बांधायचे, चालायचं कसं, हे या नटांकडे बघून शिकायच्या. मला हसू आलं. दि. हसला नाही.
सायली गाडीत म्हणते, "ममी, ही वॉज प्रिटियर दॅन यू."

१५ फेब्रु.
मंडळाचं पाडव्याचं नाटक दि. बसवतोय. सहा वर्षं नायिका मीच. आज म्हणतो, या वेळी इक्बाल करेल. इक्बाल म्हणजे दापोलीचा, विमा कंपनीतला. गेल्या नाटकात पोस्टमन होता तो!
"आणि मी?"
"तू त्याला साडी नेसायला शिकव ना."
खलास.

२० फेब्रु., शुक्र.
इक्बाल आला. "वहिनी, चुकलं तर ओरडा हां." गोड आहे मेला, तेच तर. निऱ्या लगेच जमल्या. मी चहा ओतत होते तर टक लावून बघत बसला.

२७ फेब्रु.
तालीम. इक्बालने पदर खोचला, उलट्या मनगटाने कपाळावरचे केस मागे सारले. हे माझं आहे. ओट्याशी मी रोज असंच करते.
दि. उभाच राहिला. "वा! हे कुठून आणलंस रे?"
इतकी वर्षं त्याच घरात जेवतोय आणि...

५ मार्च
मंडळातल्या बायका इक्बालसारखा पदर खोचतात. आधी थट्टा होती, आता सवय झालीय. जोशीबाई मला म्हणाल्या, "अगं, तूसुद्धा इक्बालसारखंच करतेस की!"

१३ मार्च
इक्बालचा थोरला भाऊ रास अल खैमाहून आला होता. साडीचं कुणीतरी त्याच्या कानावर घातलं. आवाज चढवला नाही. "आमच्या आईला काय सांगू, दिलीपभाई?" इक्बालची मान खाली. नाटक सोडलं त्याने. काम परत माझ्याकडे.
वाईट वाटायला हवं होतं. मी शिरा केला.
सायली: "हूज बर्थडे?"

१६ मार्च
तालीम. पदर खोचला, केस सारले. दि.ने थांबवलं.
"नाही गं. इक्बाल करायचा तसं कर."
परत केलं. परत. हातच परका झालाय. घरी ओट्याशीसुद्धा आता...

१८ मार्च
सकाळी इक्बालचा फोन. मीच उचलला. "वहिनी, भाऊ कबूल झाला! दिलीपदादांना विचारा ना, येऊ का परत? मी वाट बघतो."
दि. आंघोळ करून आला. "कुणाचा फोन?"
"सांगते. आधी चहा घे."
चहा प्यायला. गाडीची किल्ली शोधली, मीच दिली हातात. ऑफिसला गेला.