एका ट्रेमध्ये सोळा टॅपेट

शनिवार, ८ मार्च. एजवेअर, लंडन.

लेकीच्या गाडीचं इंजिन उघडून झडपा दाबणारे सोळाही टॅपेट तपासले. झीज फारशी नाही, पुन्हा चालले असते. पण प्रत्येक टॅपेट आपल्याच जागी परत जायला हवा, तिथेच तो घासून जुळलेला असतो. आणि मी? सकाळी ताम्हणात देव धुतो, तसे सगळे एका ट्रेमध्ये एकत्र धुतले. देव तरी चेहऱ्यावरून ओळखता येतात. हे कसे ओळखू?

ईशा म्हणाली, "बाबा, सगळे सेमच आहेत. बसवा ना! मंडेला केंब्रिजला जॉब सुरू होतोय माझा."

अंदाजाने बसवले तर गाडी चालेलही. पण मोटरवेवर ती एकटी असेल. नवे मागवले. चूक माझी, सोमवारी ट्रेनने जा, म्हटलं.

चिडली. "देवांचंपण असंच मिक्सअप करता का?"

उद्या मात्र देवही एकेक करून धुईन.