हा कोड आधीच वापरला आहे

संत तुकाराम नगर, पिंपरी
८ नोव्हेंबर

प्रिय निरंजन,

हे पत्र मी धनेशच्या हातात देणार आहे. गेल्या रविवारी तो मोशीच्या बस स्टॉपवर दिसला. मला पाहून त्याने आधी तोंड फिरवलं, मग मीच रस्ता ओलांडून गेलो. तुझ्याबरोबर ट्रेनी होता, तुझ्या डब्यातली भाजी संपवायचा. आता मला नमस्कार करायलाही त्याचा हात खिशातून निघेना. तू कुठे आहेस हे त्याला ठाऊक आहे. म्हणाला, "पत्ता मागू नका काका, शब्द दिलाय मी. कागद द्या, पाठवतो. पण तो फोडंल याची गॅरंटी नाय." तुला जाऊन दोन वर्षं दोन महिने झाले, आणि तुझा फोन बंद होऊनही तेवढेच. कंपनीच्या गेटवर दोन हजार माणसं ज्याचा शब्द झेलायची तो मी, एका माणसाने एक पाकीट फोडावं म्हणून बस स्टॉपवर अजिजी करत उभा होतो.

आई बरी आहे. माझा गुडघा दुखतो. तोच, ज्याच्या ऑपरेशननंतर मी सहा आठवडे पलंगावर होतो आणि तू माझ्या फोनमध्ये ती शर्यतीची गेम टाकलीस. "बाबा, भाषण बंद, गाडी हाणा." मी तुला सुनावलं होतं की ज्या गाड्यांचे ब्रेक आपण चाकणला बनवतो, त्या गाड्या आपल्या पोरांना फक्त काचेआड पळवायला मिळतात, ही या व्यवस्थेने केलेली थट्टा आहे. तू म्हणालास, "थट्टा मान्य, पण वळणावर तोच ब्रेक दाबा की, कठड्याला घासताय." दुसऱ्या आठवड्यात मी तुला एका शर्यतीत हरवलं. तू मुद्दाम हरलास हे मला तेव्हाच कळलं होतं. बोललो नाही, कारण जिंकलेलं आवडलं होतं.

कोडचं वेडही तुझंच. गेम चालवणारे सणावाराला, कधी एखाद्या व्हिडिओच्या कोपऱ्यात, दहा-बारा अक्षरांचा कोड टाकतात. त्यांच्या वेबसाइटवर आपला खेळाडू नंबर आणि तो कोड टाकला की गेममधल्या आपल्या टपालपेटीत बक्षीस येतं: नवा रंग, टायर, नशीब असेल तर अख्खी गाडी. एका नंबरावर एक कोड एकदाच चालतो. सकाळच्या चहाबरोबर तू आपल्या दोघांचे नंबर टाकायचास. तुझा नऊ आकडी नंबर तू स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिला होतास, आई सिलिंडरची तारीख लिहिते तिथेच. त्या वर्षाचं कॅलेंडर आम्ही अजून उतरवलेलं नाही.

तू गेल्यावर चार महिन्यांनी, संक्रांतीला, मला एक कोड सापडला. काय मनात आलं कोण जाणे, मी माझ्याऐवजी तुझा नंबर टाकला. लाल अक्षरं उमटली: हा कोड आधीच वापरला आहे. निरंजन, इतका गोड नकार मला आयुष्यात कुणी दिला नव्हता. म्हणजे तू होतास. कुठेतरी बसून तूही तोच कोड शोधला होतास. मी आईला हाक मारली. तिने लाल अक्षरं वाचली, पदराने फोनची काच पुसली आणि पुन्हा वाचली.

तेव्हापासून मी ते एक कामच करून घेतलं. 'हजार हिरे फुकट' सांगून ओटीपी मागणारी खोटी पानं मी लगेच ओळखतो. लेबर कॉन्ट्रॅक्टरची भाषा ऐकण्यात माझी तीस वर्षं गेली आहेत. खरा कोड मिळाला की लगेच टाकायचा नाही, मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत थांबायचं, तुला वेळ द्यायचा, हेही शिकलो. चौदा महिने मला लाल अक्षरं मिळत राहिली. मग यंदाच्या गुढीपाडव्याला हिरवी आली: अभिनंदन, बक्षीस पाठवलं आहे. वाटलं, राहून गेला असेल एखादा. पुढचाही हिरवा, त्याच्या पुढचाही. आठ महिने मला फक्त अभिनंदन मिळतंय. तीस दिवसांत उघडलं नाही तर ते बक्षीस पेटीतून नाहीसं होतं, हेही मला माहीत आहे. धनेशला मी आडून विचारलं. म्हणाला, "आता काय खेळतबिळत नाय तो. बारा बारा तास उभा असतो मशीनवर."

गणपतीत एकदा लाल अक्षरं दिसली होती. मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारच्या चतुराबाई दारात आल्या. आईने देवापुढचा मोदक माझ्या हातावर ठेवला. मग कोड टिपून ठेवतो ती वही उघडली तर तोच कोड मी सकाळीच टाकलेला होता. दुसऱ्या एका साइटवर पुन्हा दिसला म्हणून घाईत पुन्हा टाकला. मुदतीपर्यंत थांबण्याचा धीरही आता माझ्यात उरलेला नाही. आई ताट झाकत म्हणाली, "एकदा त्याचं नाव वाचलंत, आता त्याचा नंबर वाचत बसा."

त्या यादीबद्दल ती दोन वर्षांत बोलली ते एवढंच. मीही तुझ्याशी कधी बोललो नाही. संपाचा अकरावा दिवस होता. कंपनीने ट्रेनींना 'आत या, पर्मनंटचं बघू' असं गाजर दाखवलं होतं. सकाळी बुटांच्या नाड्या बांधता बांधता तू म्हणालास, "बाबा, मी आत जातोय. दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत मीच सांगतो." चोरून गेला असतास तर मला सोपं गेलं असतं. साडेतीनला, पहिली शिफ्ट सुटताना, गेट मीटिंगमध्ये मी आत गेलेल्या फितुरांची नावं माइकवरून वाचली. त्रेचाळिसावं तुझं. टाळ्या थांबेनात. हा खरा पुढारी, पोटच्या पोरालाही सोडत नाही! यादी आपल्या चौकातल्या फळ्यावर लागली. पाचव्या दिवशी तू बॅग उचललीस. पुढे समझोता झाला, आम्हा पर्मनंटना वाढ मिळाली, आणि उरलेल्या बेचाळीस पोरांना कंपनीने मुदत संपताच घरी बसवलं. त्यांच्यासाठी एक कलम घाला, असं मी त्या टेबलावर बोललो नाही.

यादी युनियनच्या बबनरावांनी केली आणि मी फक्त वाचली, असं सगळे समजतात. तूही तसंच समजत असशील. बबनरावांच्या यादीत बेचाळीस नावं होती. तुझं नव्हतं. मी खिशातून पेन काढलं तेव्हा ते हळूच म्हणालेही, "राहू द्या हिंदुराव, पोर आहे." संप बरोबर होता हे मी आजही छातीठोक सांगेन. पोरांना गाजर दाखवून बापांविरुद्ध उभं करणारी कंपनी हलकट होती, हेही सांगेन. पण ते त्रेचाळिसावं नाव न्यायासाठी नव्हतं. लिहितानाच मला त्या टाळ्या ऐकू येत होत्या.

आता या महिन्याच्या तीस तारखेला ती गेम कायमची बंद होते आहे. कारखान्याच्या फाटकावर लागते तशीच चार ओळींची नोटीस लागली आहे, आणि खाली निरोपाचा शेवटचा कोड. तो मी तुझ्या नंबरावर टाकलेला नाही. या कागदाच्या पाठीमागे लिहिला आहे, शून्याला तू शिकवलीस तशी तिरपी रेघ मारून. उत्तर लिहू नकोस, फोन करू नकोस, माफ तर मुळीच करू नकोस. जमलं तर तेवढा तो टाक. तीस तारखेला साडेतीनला मी तुझा नंबर घालून तोच कोड टाकीन. आई म्हणते, तीही शेजारी बसणार आहे. धनेशने गॅरंटी दिलेली नाही, मीही स्वतःला देत नाही; हिरवी अक्षरंच येतील असं धरून आम्ही बसू. जन्मभर मी नकाराविरुद्ध घसा फोडला, बाळा. या एकदाच मला नकार हवा आहे.

तुझाच, अजून तरी,
बाबा