हलका क्लच

कॉव्हेंट्री, ४ मे १९९४

ती. म्युरिएलताईस,

सा. न. वि. वि. गिअरबॉक्स आत्ताच बाहेर निघाला, माझी पाठ मात्र आतच राहिली. बाबांच्या गाडीत सीटं आणि मधला तळ काढून तो आतूनच उचलावा लागतो. कागदावर तेलाचे डाग पडतील, रागावू नकोस. फोनवर आपण भांडतो, म्हणून लिहितोय.

बाबांना वृद्धाश्रमात ठेवलं म्हणून तू अजून रुसलेली आहेस, ठाऊक आहे. पण परवा जेवणाच्या वेळी मी तिथे होतो. ते मला ओळखत नाहीत, बोलतही नाहीत. टेबलाखाली त्यांचा डावा पाय मात्र दाबला जात होता, आणि लगेच डावा हात किंचित पुढे, मग मागे. नर्स म्हणाली, झटके येतात. झटके कसले! ते गिअर बदलत होते.

डॉक्टर म्हणतात, हिवाळ्यापर्यंत तेवढंही उरणार नाही. त्याआधी एकदा त्यांना त्यांच्या गाडीत बसवायचं, आश्रमाच्या आवारात का होईना, स्वतः चालवू द्यायची. आपण कोण ते कळणार नाही, पण ते स्वतः कोण ते कदाचित कळेल.

क्लच पार झिजलाय. आणि निघालाय तो भलताच. गाडी १९५९ची, कारखान्यातून जाड स्प्रिंगांचा क्लच घेऊन आलेली. आत सापडला तो नंतरच्या मॉडेलचा, चकतीसारख्या एकाच पातळ स्प्रिंगचा. क्लच ज्यावर बसतो ते जड चाक, फ्लायव्हील, तेसुद्धा नंतरचंच. कुण्या मेकॅनिकने हा उद्योग केला कोण जाणे. आता मूळचा घालू, की होता तसलाच? तुला काय वाटतं?

लोभ असू दे, निदान गाडीपुरता तरी.

तुझा,
डेरिक


स्ट्रोमनेस, १२ मे

चि. डेरिकला आशीर्वाद.

वाऱ्यामुळे बोट अडली होती, तुझं पत्र काल मिळालं. मासळीचा वास माझ्या कागदाला, तेलाचा तुझ्या. फिटंफाट.

उद्योग करणारा मेकॅनिक म्हणजे आपले बाबा. तू तेव्हा नौदलात होतास. आईला ती गाडी चालवायची भारी हौस, पण क्लच दाबताना ती सीटवरून अर्धी उठायची. बाबा चिडवायचे की ही गाडी चालवते की घोड्यावर चढते. एकदा तिने चिडून किल्ली साखरेच्या डब्यात टाकली आणि सांगितलं, आता तुमची गाडी तुम्हीच मिरवा. तो सगळा हिवाळा बाबा गॅरेजचं दार लावून आत होते. हलक्या क्लचची भोकं जुन्या फ्लायव्हीलला जुळेनात, म्हणून तेही बदललं. वसंतात तिला बसवलं आणि म्हणाले, आता दाबून बघ. तिने दाबला आणि हसतच सुटली.

तेव्हापासून बाबांच्या पायालाही तोच पेडल माहीत आहे. त्यांचे पाय आता काड्यांसारखे झालेत रे. हलकाच घाल.

बाबांच्या गालाला माझा हात लाव.

म्युरिएलताई


कॉव्हेंट्री, २० मे

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचलं आणि गॅरेजातल्या कामाच्या बाकाखाली शोधलं. मूळचं फ्लायव्हील तिथेच आहे! तेल लावून घोंगडीत गुंडाळलेलं, गंजाचा एक ठिपका नाही. टाकायचं असतं तर कुणी असं जपतं का? त्यांना ते परत बसवायचंच होतं. आई गेल्यावर राहून गेलं.

जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या पार्जेटरना विचारलं. ते म्हणाले, भलता क्लच घातलेली गाडी म्हणजे दुसऱ्याची कवळी लावलेला माणूस. गाड्यांच्या प्रदर्शनात तिला कुणी गुण देणार नाही. गुण गेले खड्ड्यात, पण त्यांचं म्हणणं पटलं. मूळ क्लच मिळवलाय. बाबांनी ज्या कारखान्यात आयुष्य काढलं, तिथून गाडी जशी आली तशी त्यांच्या हाती द्यायची. तू आईची गाडी आठवतेस, मी बाबांची.

रविवारी, २९ला नेतोय. येशील?

माया पातळ करू नकोस.

डेरिक


स्ट्रोमनेस, २४ मे

चि. डेरिकला आशीर्वाद.

येणं जमत नाही. मेंढ्यांची लोकर कातरायला माणूस याच आठवड्यात मिळालाय.

तू लहानपणीही मला विचारायचास आणि मग स्वतःचंच करायचास. जपून ठेवलं म्हणजे परत बसवायचं होतं, असं कुणी सांगितलं? आपल्या घरात काही टाकत नाहीत, एवढंच. आईची मोडकी छत्रीही बाबांनी ठेवलीच आहे. ती काय कुणी उघडणार होतं?

एक कर. पेडल पायाने नको, हाताने दाबून बघ. तुझा हात थरथरला तर त्यांचा पाय हरणार. मग सरळ काढ आणि हलका घाल. रविवार पुढचाही येतो.

तुझ्यावर रागावलेली, पण तुझीच,
म्युरिएलताई


कॉव्हेंट्री, २९ मे

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. हाताने दाबून पाहिला. दोन्ही हात लागले. तरी म्हटलं, बाबांचा पाय जुना आहे, त्याला आठवेल.

ऊन छान होतं. त्यांनी दाराच्या कडेवरून बोट फिरवलं आणि कुणी न सांगता टोपी नीट केली. मी आणि नर्सने त्यांना आत बसवलं. इंजिन सुरू केलं तेव्हा त्यांनी मान थोडी तिरकी केली, ऐकताना करायचे तशी. ताई, तेवढा वेळ ते होते.

मग डावा पाय ठेवला. पेडल अर्ध्यावर अडला. पुन्हा दाबला. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून, सीटवरून अर्धे उठून दाबला, आईसारखाच. पाय घसरला. मी पेडल हाताने दाबायला खाली वाकलो, तर त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला.

माझ्याकडे बघून अगदी सभ्यपणे म्हणाले की गाडी उत्तम ठेवली आहे तुम्ही, पण ही माझी नव्हे. माझी हलकी आहे. ती बायको घेऊन गेलीय, येईलच इतक्यात. हिवाळ्यानंतरचे त्यांचे पहिले शब्द.

ते खाली उतरले, फाटकाजवळच्या बाकावर बसले आणि रस्त्याकडे बघत राहिले. चहालाही आत येईनात. मी गॅरेजात येऊन जुना क्लच शोधला. मग आठवलं, तो मी भंगारात दिलाय. तसला दुसरा बसवीनही, पण आता कुणाला दाखवू?

मला काही लिहू नकोस असं म्हणणार होतो. लिही.

डेरिक

ता. क. सोमवार. आज सकाळी न्याहारीच्या वेळी आश्रमात गेलो होतो. बाबांनी टोस्ट खाल्ला. टेबलाखाली पाय हलला नाही.