फुप्फुसात न राहिलेलं दूध

बिश्केक, १४ ऑक्टोबर

प्रिय बुरुलताई,

मेंढ्या कुरणावरून खाली आणल्यास ना? गुडघा कसा आहे? इकडे माझी आयझिरेक पोटभर जेवते. सात वर्षांची असून वॉर्डातल्या मोठ्या पोरींना दटावते. रोज विचारते, अक्तोश रात्री भुंकतो का, त्याला भाकर कोण घालतं? मी सांगते, मावशी.

गावच्या दवाखान्यात क्षय ठरवून तीन महिने गोळ्या दिल्या, खोकला काही हलला नाही, हे तुला ठाऊकच आहे. इथल्या डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडात धरला. उजव्या फुप्फुसात सफरचंदाएवढा पांढरा गोल. त्यांनी विचारलं, "घरात कुत्रा आहे?"

मी नाही म्हटलं. सगळ्या बायका ऐकत होत्या. गलिच्छ घरातली म्हणून नाव नको व्हायला, एवढंच डोक्यात होतं.

"मग गळू असेल. सुई घालून पू काढू," बाई म्हणाल्या. आणि नर्सला म्हणाल्या, "कुत्रा असता तर सुई लावली नसती. जंताची पिशवी फुटली तर पोरीचा श्वास इथंच अडकायचा."

आयझिरेकला चाकाच्या गाडीवर निजवलं. मी बाईंचा हात धरला. "आहे हो कुत्रा! तिच्या अंथरुणातच झोपायचा."

बाई भडकल्याच. "अगं, पोर वाचवायला आलीस की अब्रू?"

सुई टळली. रक्त तपासलं, कुत्र्याकडून लागणाऱ्या जंताचीच पिशवी निघाली. उद्या सकाळी छाती उघडून ती अख्खी काढणार आहेत. मला फार भीती वाटते, ताई.

आता, फोनवर जे तोंडातून निघेना ते. दोन वर्षांपूर्वी, माझ्या सासऱ्यांना जाऊन वर्ष झालं त्या जेवणाला, आपण दोघी मेंढीच्या फुप्फुसांत उकडण्याआधी दूध भरत होतो. एकात दूध राहीना, वर पांढरे फोड. तू म्हणालीस, "खोल पुरून ये. कुत्र्याच्या तोंडी पडू देऊ नकोस." मी परत येऊन सांगितलं, पुरलं.

नव्हतं पुरलं. जमीन गोठली होती, पाहुणे दारात होते आणि अक्तोश शेपूट हलवत मागोमाग आला होता.

तुझा तेमिरही त्याच्याच गळ्यात पडून वाढला. उन्हाळ्यात तो खोकत होता, तू धूळ म्हणालीस, मी गप्प बसले.

चिठ्ठीसोबत अक्तोशच्या जंताच्या गोळ्या आहेत. त्याला मारू नका, त्याचा काय दोष? तेमिरला मिळेल त्या गाडीने इथं आण. मला बोलायचं ते सगळ्यांदेखत बोल. पण बाईंनी कुत्र्याचं विचारलं, की पहिल्याच वेळी हो म्हण.

जिच्या शब्दाची तू कधी खात्री करून घेतली नाहीस, ती तुझी धाकटी,
नाझिकान